पिंपात मुरलेली बिअर पहिल्यांदा चाखताना

दोन वर्षांपूर्वी शिकागोहून पुण्याला जाताना स्वेटरमध्ये गुंडाळून एक बाटली नेली होती. काकांनी ती फ्रीजमधून काढली, उंच ग्लासात ओतली, वर बर्फाचे दोन खडे टाकले आणि उन्हातून आलेल्या माणसासारखा मोठा घोट घेतला. मग ग्लास खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "अरे, ही कसली बिअर? हे तर द्राक्षासव आहे!" स्वयंपाकघरातून काकू म्हणाली, "मग दोन चमचे घ्या ना जेवणानंतर, समभाग पाण्यातून!"

पाणी सोडलं तर काकूचा सल्ला बरोबर होता. काकांच्या जिभेचंही फारसं चुकलं नव्हतं. मनुक्यांसारखा दाट गोडवा, मागून येणारी ऊब, शेवटी किंचित तुरटपणा: लहानपणी ज्यानं द्राक्षासव चाखलंय त्याला ही चव ओळखीची वाटतेच. चूक माझी होती. बाटली हातात दिली आणि ती कशी प्यायची ते सांगायचं राहिलं. तेवढं आता इथे लिहून टाकतो.

हे सगळं एकाच प्रकाराबद्दल आहे: बोर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरवलेली इम्पीरियल स्टाउट, म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी, कडक बिअर. उदाहरण म्हणून शिकागोच्या गूज आयलंड ब्रूअरीची 'बोर्बन काउंटी' घेतली आहे. एक तर ती या प्रकारातल्या अगदी सुरुवातीच्या बिअरांपैकी आहे, आणि दुसरं म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिची नवी बाटली बाजारात येते तेव्हा आमच्या भागातल्या दुकानांबाहेर थंडीत रांगा लागतात आणि त्या रांगेत मीही असतो. तुमच्या हाती मिशिगनमधल्या फाउंडर्स ब्रूअरीची 'केबीएस' लागली किंवा दुसरी कुठली लागली, तरी रीत हीच.

आधी हिशेब

आपल्याकडे दुकानात जी 'स्ट्राँग' मिळते तिच्यात साधारण ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. बोर्बन काउंटीत, वर्षागणिक थोडं इकडेतिकडे, १४ ते १५ टक्के. माझ्यासमोरची बाटली अर्ध्या लिटरची आहे. १४ टक्के धरले तरी तिच्यात ७० मिली निव्वळ अल्कोहोल झालं. भारतात बनणाऱ्या बहुतेक व्हिस्क्या ४२.८ टक्क्यांच्या असतात, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये जेमतेम १३ मिली. अशी ही एक बाटली जवळजवळ साडेपाच छोट्या पेगांएवढी भरते. काकांनी पहिल्या तीन घोटांतच एक पेग संपवला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून एका बाटलीला चार माणसं, माणशी सव्वाशे मिली आणि हाताशी निवांत तासभर. पोटात काहीतरी गेलेलं असावं. गाडीची किल्ली ज्याच्या खिशात आहे त्यानं वासावर भागवावं. अर्धी मजा वासातच आहे, तेव्हा त्यानं फार वाईट वाटून घेऊ नये. अमेरिकेत वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. महाराष्ट्रात वयाची अट आहेच, वर परवानाही लागतो. गरोदर असाल, औषधं चालू असतील किंवा दारू सोडलेली असेल तर हा लेख नुसता वाचा.

पिंपात काय घडतं

ही माहिती चाखण्याआधी हवी, कारण ग्लासातल्या निम्म्या चवींचा उगम इथे आहे.

अमेरिकेच्या कायद्यानुसार व्हिस्कीला 'बोर्बन' म्हणवून घ्यायचं असेल तर तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपात ठेवलेली हवी. यातला 'कोऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. एकदा वापरलेलं पिंप बोर्बनसाठी बाद होतं. ५३ गॅलनचं, म्हणजे सुमारे २०० लिटरचं ते धडधाकट पिंप मग विकायला निघतं. स्कॉटलंडला जातं, कॅरिबियन बेटांवर रमसाठी जातं आणि गोव्यालाही येतं. कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन सिंगल माल्ट अशाच बोर्बनच्या पिंपांत मुरते. ती कधी घेतली असेल तर या लेखातले दोन-तीन वास तुमच्या नाकाला आधीच माहीत आहेत.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात गूज आयलंडच्या ग्रेग हॉल यांनी जिम बीम या बोर्बन कंपनीच्या बूकर नो यांच्याकडून अशी काही रिकामी पिंपं मिळवली आणि व्हिस्कीऐवजी त्यांत काळी, दाट स्टाउट भरली. बिअरच्या स्पर्धांमध्ये तेव्हा अशा चिजेसाठी वर्गच नव्हता. आज अमेरिकेत क्राफ्ट बिअर बनवणाऱ्या असंख्य ब्रूअरींच्या मागच्या खोलीत अशी चार पिंपं तरी उभी दिसतात.

पिंपाच्या आतला थर जळून कोळसा झालेला असतो. त्याच्या मागचं लाकूड नुसतं शेकलेलं असतं. शेकताना लाकडातल्या साखरा कॅरमलसारख्या होतात, लिग्निन हा लाकडाचाच घटक फुटून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन तयार होतं, आणि ओकमध्ये मुळातच असलेल्या लॅक्टोनमुळे सुक्या खोबऱ्याचा वास येतो. युजेनॉलही थोडं असतं, तेच जे लवंगेत भरपूर असतं. शिवाय आधीच्या मुक्कामात लाकडानं बरीचशी बोर्बन पिऊन ठेवलेली असते. बिअर आत आली की ती हळूहळू बाहेर झिरपते, आणि बिअरचं अल्कोहोल एक-दोन टक्क्यांनी वाढतं ते बऱ्याच अंशी तिच्यामुळे. हा मुक्काम आठ-दहा महिन्यांचा, कधी वर्षभराचाही असतो. शिकागोचा उन्हाळा घामाघूम करणारा आणि हिवाळा हाडं गोठवणारा. गरमीत बिअर लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते, आणि प्रत्येक फेरीत काहीतरी घेऊन येते.

यात स्टाउटचा स्वतःचा वाटा विसरू नका. जवळपास काळी होईपर्यंत भाजलेल्या बार्लीमुळे कॉफी आणि कोको येतो. अठराव्या शतकात लंडनच्या ब्रूअरी अशी कडक स्टाउट बाल्टिक समुद्रातून रशियाच्या दरबारापर्यंत पाठवत, त्यावरून 'इम्पीरियल' हे बिरुद चिकटलं.

थोडक्यात, या ग्लासाला चार जणांचा हात लागलेला असतो: भाजलेलं धान्य, यीस्ट, लाकूड आणि आधीची व्हिस्की. कुठे कुणाचा हात लागलाय ते ओळखायचं, हा आपला खेळ आहे.

बाटली निवडताना

पहिल्यांदा साधीच घ्या. दुकानात शेजारी कॉफी घातलेली, नारळ घातलेली, व्हॅनिलाच्या शेंगा घातलेली अशा बहिणी उभ्या असतात आणि त्यांची लेबलं जास्त देखणी असतात. मोह टाळा. बिअरमध्ये नारळ मुद्दाम घातलेला असेल तर खोबऱ्याचा वास लाकडाचा की नारळाचा हे नवख्या नाकाला कधीच कळणार नाही. मी पहिल्या वर्षी कॉफीवाली घेतली होती आणि अख्खी संध्याकाळ महागडी कोल्ड कॉफी प्यायल्यासारखं वाटलं.

लेबलावर वर्ष असतं ते बघा. याच वर्षीची असेल तर व्हिस्की आणि भाजकेपणा ठसठशीत लागतो. दोन-तीन वर्षं जुनी असेल तर धार बोथट होते, मनुके आणि खारकांकडे झुकते. नवख्यानं ताजी घ्यावी. घरी आणल्यावर अंधाऱ्या, थंड जागी उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवू नका. इथे बुचाऐवजी पत्र्याचं झाकण असतं, ते ओलं ठेवून काही साधत नाही.

वाट्यांची तालीम

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. मला विचाराल तर सगळ्यात जास्त फायदा हिचाच होतो.

बाटली उघडण्याच्या तासभर आधी सहा वाट्या घ्या. पहिलीत काकवी, नसेल तर चिरलेला गूळ. दुसरीत सुक्या खोबऱ्याचा कीस, तव्यावर लालसर भाजलेला. तिसरीत दोन लवंगा ठेचून. चौथीत काळे मनुके आणि खारकेचे तुकडे, वर चमचाभर गरम पाणी. पाचवीत कॉफीची पूड. चिकोरी नसलेली बघा, कारण चिकोरीला स्वतःचाच एक जळक्या गुळासारखा वास असतो. सहावीत पाण्यात दोन थेंब व्हॅनिला इसेन्स. हौस असेल तर सातवीत सोया सॉस, त्याचं कारण पुढे येईल.

आता डोळे मिटून एकेक वाटी हुंगा आणि ओळखा. हसू नका, हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. लवंग आणि व्हॅनिला यांत माझा गोंधळ कितीतरी वेळा झालाय. पण एकदा हे वास ताजे झाले की ग्लासात त्यांना पकडणं सोपं जातं. आपल्या बहुतेकांची अडचण नाकाची नसतेच. वास येतो, नाव आठवत नाही. इंग्रजी लेबलावर 'फिग' आणि 'मोलॅसिस' लिहिलेलं वाचून आपण मान डोलावतो, पण मोलॅसिस आपण कधी हुंगलेलं असतं? काकवी मात्र हुंगलेली असते, तीही बोट बुडवून चाटत.

खोबरं, लवंग आणि व्हॅनिला या वाट्या बहुतेक वेळा लाकडाच्या. कॉफी भाजलेल्या बार्लीची. मनुके धान्य, यीस्ट आणि वय यांच्या सामाईक मालकीचे. काकवी धान्याची आणि शेकलेल्या लाकडाची. व्हिस्कीचा हात मात्र वाटीत ठेवता येत नाही, म्हणून अजून एक युक्ती: शेजारी एका छोट्या पेल्यात चमचाभर कुठलीही बोर्बन आणि दुसऱ्यात घोटभर गिनीस ठेवा. गिनीस ४.२ टक्क्यांची साधी, कोरडी स्टाउट आहे. तिच्यात भाजलेली बार्ली आहे, पण पिंप नाही. मधला ग्लास हुंगताना अडलात की डावीकडे-उजवीकडे जाऊन या. जे गिनीसमध्येही आहे ते धान्याचं. जे बोर्बनमध्येही आहे ते पिंपाकडून आलेलं. आणि जे दोन्हीत नाही, ते महिनोन्‌महिने एकत्र राहून झालेलं.

गारवा किती

काकांच्या बर्फाकडे वळू. खूप थंड केलं की वास देणारे रेणू उडायचे थांबतात आणि जीभ गोडव्याला बधिर होते. हलक्या लागरला, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरला, ते चालतं, तिची गंमतच गारव्यात असते. इथे मात्र फ्रीजच्या ३-४ अंशांवर ओतलेली बिअर मुकी होते आणि नुसती कडू लागते. बर्फ टाकला तर मुकी आणि वर पाणचट.

१० अंशांच्या आसपास सुरुवात करा. अमेरिकेत घर २० अंशांवर ठेवलेलं असेल तर बाटली फ्रीजमधून काढून अर्धा तास ओट्यावर ठेवली की पुरते. मे महिन्यातल्या पुण्यात किंवा मुंबईत बारा-पंधरा मिनिटं बस्स, नाहीतर ती थेट काढ्याच्या वाटेला लागते. थर्मामीटर नको. बाटलीला हात लावल्यावर माठातल्या पाण्याएवढी गार लागली की उघडा.

ओतणं आणि बघणं

पोट फुगीर आणि तोंड निमुळतं असा ग्लास हवा. ब्रँडीचा असेल तर उत्तम, वाइनचा असेल तरी काही बिघडत नाही. स्टीलचा पेला नको, त्यात रंगही दिसत नाही आणि वासही साठत नाही. ग्लास नुसत्या पाण्यानं पुन्हा एकदा विसळून घ्या. दुधाचा किंवा तुपाचा अंश राहिला असेल तर फेस क्षणात बसतो आणि साबणाचा वास राहिला असेल तर मग बोलायलाच नको.

ग्लास तिरका धरून सावकाश ओता, शेवटी सरळ करा. एक तृतीयांश भरला की थांबा. फेस कमी येईल, कॉफीच्या सायीच्या रंगाचा असेल आणि पटकन बसेल. इतक्या अल्कोहोलमध्ये फेस टिकत नाही, बिअर शिळी आहे असं समजू नका. दिव्यासमोर धरलात तरी पलीकडचं काही दिसणार नाही. फार तर कडेला तपकिरी-लालसर रेघ दिसेल. बघण्याचं काम इथे संपलं. ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांवर पंधरा मिनिटं व्याख्यान देणारा एखादा भेटतोच, त्याला देऊ द्या.

नाक

खोलीत उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको, आणि शेजारच्या शेगडीवर फोडणी तर मुळीच नको. आमच्याकडे एकदा ऐन वेळी कुणीतरी मिरच्या तळायला घेतल्या आणि ती बाटली वाया गेली.

ग्लासात एकदम नाक खुपसू नका. १४ टक्के अल्कोहोलचा भपका पहिल्यांदा वर येतो आणि नाक दोन मिनिटं सुन्न होतं. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, आणि दोन छोटे हुंगे घ्या. थांबा. मग ग्लास हलकेच गोल फिरवून ओठांच्या उंचीवर आणा, पुन्हा दोन हुंगे. मध्ये नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या. सवयीचा वास नाकाला विसावा देतो.

पहिल्या हुंग्यात येतं ते कागदावर लिहा, तीनच शब्द. शेजाऱ्याला विचारू नका. एकानं "चॉकलेट" म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना चॉकलेट येऊ लागतं, हा माझा दर वर्षीचा अनुभव आहे. सगळ्यांचं लिहून झालं की मग कागद उघडा करायचे. मागच्या खेपेला चौघांत एकीनं लिहिलं होतं 'गुऱ्हाळ', एकानं 'जुनं कपाट', एकानं 'फिल्टर कॉफी', आणि चौथ्यानं नुसतं 'दारू'. चौघंही बरोबर होते, प्रत्येकाला वेगळा हात आधी सापडला होता.

शब्द सुचेना तर आपल्या भाषेत या कामासाठी भरपूर माल आहे. खरपूस आणि करपट यांत फरक आहे की नाही? चांगल्या स्टाउटला खरपूस वास येतो, धान्य जास्त भाजलं गेलं की करपट येतो. तसंच धुरकट, उग्र, खमंग, आंबूस, खवट, कुबट, ओलसर. यातले पहिले तीन या बिअरमध्ये कमी-जास्त खपतात. उरलेले चार खपत नाहीत, त्यांच्याकडे नंतर येऊ.

जीभ, तीन फेऱ्यांत

पहिला घोट सोडून द्या. म्हणजे प्या, पण त्यावर मत बनवू नका. त्या घोटात तोंडाला फक्त अल्कोहोलची सवय होते.

दुसरा घोट चमचाभर. लगेच गिळू नका. जिभेवरून, गालांच्या आतून फिरवा आणि मग गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणारे सहसा गिळतात, कारण कडवटपणा घशाकडे आणि गिळल्यानंतर जास्त कळतो. गिळल्यावर ओठ मिटून नाकानं सावकाश श्वास सोडा. घशाच्या मागून नाकात जो वास चढतो तो मघाशी हुंगलेल्या वासापेक्षा वेगळा असतो. खोबरं आणि व्हॅनिला मला बहुतेक वेळा इथेच भेटतात, ग्लासात नाही.

या घोटाला पाच प्रश्न विचारा. गोडवा कसला आहे, साखरेचा, गुळाचा की काकवीचा? कडवटपणा कुठला, कॉफीचा की कारल्यासारखा रेंगाळणारा? घट्टपणा किती, ताकाएवढा की बासुंदीच्या जवळ जाणारा? तुरटपणा आहे का? जांभूळ खाल्ल्यावर किंवा कच्ची सुपारी चघळल्यावर गालांची आतली बाजू ओढली जाते, तसं झालं तर तो लाकडाचा टॅनिन. आणि ऊब कुठवर जाते? छातीत पोहोचून विरली तर छान, घशात टोचत राहिली तर बिअर अजून कच्ची आहे, तिला पिंपात किंवा बाटलीत आणखी वेळ हवा होता.

मग ग्लास खाली ठेवा आणि वीस मिनिटं दुसरं काहीतरी बोला. हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे, पण हे पाळलं नाही तर बाकीच्या पायऱ्यांना फारसा अर्थ राहत नाही. मघाशी १० अंशांवर असलेली बिअर आता १३-१४ वर आली असेल. दुसरी फेरी घ्या. पहिल्या फेरीत पुढे असलेली कॉफी आणि कडवटपणा मागे सरकतात आणि लाकूड पुढे येतं. खोबरं, व्हॅनिला, लवंग यांतलं निदान एक तरी ओळखू यावं. आले नाहीत तर ग्लास तळव्यात धरून पाच मिनिटं थांबा.

आणखी वीस-पंचवीस मिनिटांनी तिसरी फेरी, खोलीच्या तापमानाजवळ. आता व्हिस्की उघडपणे बोलू लागते आणि गोडवा दाटतो. काही बिअरांचं इथे सोनं होतं, काही इथे साफ कोसळतात, चिकट आणि भडक होतात. कोसळली तर तेही लिहून ठेवा. थंड असताना लपलेले दोष उबेत उघडे पडतात, म्हणून ही फेरी चुकवू नका, मग ग्लासात घोटभरच उरलेलं असलं तरी चालेल.

बिघडलेली कशी ओळखायची

या प्रकारात आंबटपणा नको. मनुक्यातली हलकी आंबटगोड छटा वेगळी; ताकासारखी किंवा व्हिनेगरसारखी जीभ आंबली तर पिंपात जिवाणू शिरलेले असतात. मोठमोठ्यांकडे हे होतं. बोर्बन काउंटीच्याच २०१५ सालच्या काही बाटल्या आंबल्या होत्या. लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिटोटॉलरन्स नावाचा जिवाणू निघाला, दह्यातल्या जिवाणूंचा लांबचा भाऊबंद. कंपनीनं पैसे परत केले आणि पुढच्या वर्षीपासून बिअर पाश्चराइझ करायला सुरुवात केली. जुने शौकीन त्यावर अजून कुरकुरतात. मला विचाराल तर आंबलेल्यापेक्षा पाश्चराइझ केलेली बरी. बेल्जियममध्ये रोडेनबाखसारख्या ब्रूअरी ओकच्या भल्यामोठ्या पिंपांत बिअर मुद्दाम आंबवतात आणि ती उत्तम लागते, पण ते घराणं वेगळं, त्याची गोष्टही वेगळी.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर हवा लागून बिअर शिळी झाली. सोया सॉसचा मागमूस जुन्या बाटलीत थोडा चालतो, म्हणून ती सातवी वाटी. पण सगळीकडे सोया सॉसच लागू लागला तर बाटली फार काळ थांबली. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास आला तर बाजूला ठेवा. आणि कधी कधी कशातच दोष नसतो, फक्त लाकूड जास्त झालेलं असतं. सुताराच्या दुकानात रंधा मारताना उडणारा भुसा तोंडात गेल्यासारखं वाटतं. अशा बिअरला महाग म्हणून चांगलं म्हणायची गरज नाही.

सोबत काय खायचं

चकली, शेव, बाकरवडी लांब ठेवा. मिरचीचा तिखटपणा आणि अल्कोहोलची जळजळ तोंडातल्या एकाच प्रकारच्या संवेदकांना चेतवतात. दोन्ही एकत्र आले की आग होते आणि चव मरते. खारवलेले काजू किंवा अक्रोड, जुनं गौडा चीज, धाडस असेल तर ब्लू चीज. खारटपणा गोडव्याला तोलतो आणि स्निग्धपणा कडवटपणाला.

सगळे डार्क चॉकलेट सुचवतात. मला ते पटलेलं नाही, भाजक्या कडवटावर भाजका कडवट चढतो. माझी पसंती गूळपोळीला, वर साजूक तूप. तिळाचा खमंगपणा आणि गूळ दोन्ही या बिअरच्या धान्याशी असे काही जुळतात की नोव्हेंबरात रांगेत उभं राहून आणलेली एक बाटली मी मुद्दाम संक्रांतीपर्यंत ठेवतो. शिकागोत जानेवारीत बाहेर उणे १५ असतं, तेव्हा ती जोडी आणखीच पटते.

उरली तर

उघडलेली बाटली झाकून फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत बरी राहते. वायू आधीच कमी असतो, त्यामुळे फार काही गमावत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पुठ्ठा डोकावू लागतो. त्याआधी व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे ओतून बघा. पण ते मोठ्यांसाठीच, वाट्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका.

ग्लास धुवायची घाई करू नका. तळाशी दोन थेंब राहिलेला ग्लास ओट्यावर तसाच राहू द्या आणि सकाळी चहाचं आधण ठेवताना त्यात नाक घाला. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, कॉफीही जवळजवळ गेलेली असते. तळाशी वाळून बसलेलं असतं ते बहुतेक लाकूड. पुण्यात त्या दिवशी बर्फ टाकून, घाईघाईत प्यायलेला काकांचा ग्लास रात्रभर टेबलावर राहिला होता. सकाळी काकू तो विसळायला गेली, नळ चालू केला, आणि पुन्हा बंद केला.

"अहो," तिनं आतून हाक मारली, "याला करंजीच्या सारणाचा वास येतोय!"